टोकाशी अडीच

तांबट आळीत केदूच्या दुकानात
भिंतीवर सहा तलवारी.
तांबडी मखमल, पितळी सिंहमुखं,
नवरदेवांच्या हातात भाड्यानं जाऊन आलेल्या,
मुठींचं पितळ कळकलेलं.
सातवी खाली, झाडूशेजारी उभी.
साधी धोप. सरळ, काळपट, गुपचूप.

"ती नका बघू ताई," केदू म्हणाला,
"हलकी आहे. भिंत भरत नाही तिनं.
तीन वर्षं झाली,
गिऱ्हाईक उचलतं नि ठेवून देतं."

मी उचलली.
ठेवता येईना.

त्या सहाही आधी हातात घेतल्या होत्या.
नुसत्या पहारी.
थांब म्हटलं की चार बोटं पुढं जाऊन थांबणाऱ्या,
मनगटाला फरपटत नेणाऱ्या.
हिनं मात्र
आधी विचारलं, कुठं?
आणि मी सांगायच्या आत गेली.

परजेपुढे चार बोटांवर
तर्जनी आडवी धरली खाली.
पडली नाही. डुललीही नाही.
सराफाच्या काट्यासारखी
बोटावर निवांत पडून राहिली.

एकतीस वर्षं सातपूरला तपासणीच्या टेबलावर काढली मी.
निवृत्त झाले तरी पर्समध्ये व्हर्नियर असतो,
बाकीच्या बायका चष्मा ठेवतात तसा.
तिथंच उभ्या उभ्या लावला.
मुठीशी सहा मिलिमीटर.
मध्यावर चार पूर्णांक एक.
टोकाशी अडीच.
पुन्हा लावला. अडीच.

समोर ड्रॉइंग नसताना,
माल परत पाठवणारं कुणी नसताना,
कुणीतरी कानस चालवत बसलं होतं
आणि काढत गेलं होतं
दिसणारच नाही असं लोखंड.

"कुणी केली?"
"बाबालाल शिकलगार. भद्रकालीच्या मागं बसायचा.
कात्र्या, विळे, न्हाव्यांचे वस्तरे.
नाटकवाल्यांनी बारा सांगितल्या होत्या.
ट्रकच्या कमानीचा पाटा आणला त्यानं,
आणि चार महिन्यांत ही एक केली.
एक!
नाटकवाल्यांनी पत्र्याच्या घेतल्या."
"आता कुठं असतो?"
"गेला. पोरगा द्वारकेला मोबाईलच्या काचा बसवतो."

दोष आहेत. नाहीत कसे?
मुठीवरची दोरी सैल,
पात्यावरची नळी शेवटच्या वीतभर किंचित डावीकडं कललेली,
परजेवर कानशीचा एक खोल ओरखडा.
हे सगळं मी रिपोर्टात लिहिलं असतं
आणि खाली शिक्का मारला असता: पास.

मी घासाघीस केली नाही, त्यानं केदू घाबरला.
"ताई, धार नाही हां तिला."
माहीत आहे, म्हटलं.
धार कुणीही लावतं.

संध्याकाळी सिडकोत, आमच्या गच्चीवर,
पदर खोचून.
शेजारच्या कानडेबाई पापड गोळा करत होत्या.
"जळमटं काढताय का हो?"
हो, म्हटलं.

धुण्याच्या दोरीवर एक निळा चिमटा होता.
खांद्यावरून सोडली,
पूर्ण सोडली, राखून नाही,
आणि चिमट्याच्या बोटभर अलीकडं
मनात आणलं, बस.
बसली.
चिमटा हलला नाही.
माझंच काहीतरी हललं, पोटात,
पहिल्यांदा सायकलचा तोल सापडला होता तसं.

मग पुन्हा. मग आडवी. मग खालून वर.
उजवं मनगट भरून आलं म्हणून
सहज डाव्या हातात घेतली,
आणि मूठ
तळव्यात अशी बसली
की मी थांबलेच.
अंगठ्याखालचा तो खोलगट भाग
उजव्या हाताला नुसता लागत होता,
तो ह्या हातासाठी होता.

बाबालाल डावखुरा होता की काय?

केदूला ठाऊक नसणार.
उद्या द्वारकेला जाईन, पोराला विचारीन.
माझ्या मोबाईलची काच
तशी दिवाळीपासून तडकलेलीच आहे.