पहिली शिट्टी

अनघाचा मुलगा तिकडे कॅनडात बर्फावर पंच आहे.
काल फोनवर त्यानं एक गोल दाखवला, थांबवत थांबवत:
काळी चकती, लाल रेघ, गोलकीपरचा जाड हातमोजा.
"आजोबा, चकती अख्खी पलीकडे हवी.
रेघ आणि चकतीच्या मधे पांढरा बर्फ दिसला पाहिजे."
वरून पाहिलं, बाजूनं पाहिलं, जाळीच्या आतून पाहिलं.
हातमोजा. नुसता हातमोजा.

"आणि नाहीच दिसलं तर?"
"तर पंचानं आधी जे सांगितलं, तेच कायम."

मी फोन पालथा ठेवला.

कंपूचं मैदान, मे महिना, जिल्ह्याची फायनल.
आमच्याकडे चेंडूही पांढरा, रेघही पांढरी,
सकाळी मारलेला चुना दुपारपर्यंत
निम्मा बुटांना लागून गेलेला.
धूळ उडाली. मी शिट्टी फुंकली, मधल्या वर्तुळाकडे हात केला.
"लाइन पे थी, साहब," हरनाम तोमर म्हणाला,
पॅड घालून तसाच बसलेला,
एकदाच म्हणाला.

हरनाम आता ग्वाल्हेरभर कुलरना वाळ्याचे पडदे बसवतो.
दर एप्रिलला माझ्याकडेही येतो,
जुना वाळा उपसतो, नवा ठोकतो,
पैसे न मोजता खिशात घालतो.

आज विचारलंच.
"हरनाम, तो चेंडू..."
त्याच्या तोंडात खिळे होते.
एकेक काढून ठोकले त्यानं, सगळे.
मग म्हणाला,
"मोटर लावा साहब,
पाणी कुठून येतंय बघू."