एकोणीस खेपा

नेरुळला, झेरॉक्स आणि चष्म्याच्या दुकानांमध्ये
दाबून बसवलेली माझ्या वाचनालयाची खोली.
तिथून ते पुस्तक आठ महिन्यांत एकोणीसदा गेलं
आणि एकोणीसदा परत आलं,
दर खेपेला थोडं जाड होऊन.

गोष्ट अशी, की तिसऱ्या पानावर ताम्रपट,
नवव्यावर खून,
मग खाडीच्या तळाखालून भुयार, भुयारात सापळे,
आणि दोन दिवसांत दोन हजार वर्षं उलगडून
नायक पहाटे बाहेर येतो,
शर्टाची इस्त्रीसुद्धा न मोडता.

मुकादमबाई रात्रपाळीच्या नर्स.
म्हणाल्या, सात नंबरचं सलाइन बदलून येईपर्यंत
यानं तीन दरवाजे उघडलेले.
डोळ्याला डोळा लागू दिला नाही मेल्यानं.
असं म्हणून त्याच लेखकाचं दुसरं मागितलं.

कारखानीस सरांनी पान एकशे सव्वीसवर
शिसपेन्सिलीनं समासात लिहिलं:
ब्राह्मी उजवीकडून वाचत नाहीत. निषेध.
खाली निळ्या शाईत, कुणाचं अक्षर कळत नाही:
तुम्ही वाचत बसा सर, मागे मारेकरी आहेत,
आम्ही पुढे होतो.

ऊर्मिला टेंबे पुस्तक टेबलावर आपटून बोलल्या,
बाई डॉक्टरेट झालेली,
आणि चारशे पानं नुसती टॉर्च धरून उभी!
सेल तरी संपू द्यायचे एकदा.

पिंगे खात्यात नकाशे काढायचे.
उत्खननाच्या खड्ड्यांत उकिडवे बसून बसून
गुडघे तिथेच राहिले त्यांचे.
स्टुलावर टेकले, पुस्तक मांडीवर.
तेरा हिवाळे एका टेकाडावर काढले हो,
दिवसाला चार बोटं माती, तीही ब्रशनं.
शेवटी काय, तर एक चूल, राख,
आणि ओल्या विटेवर कुणा पोराचा पंजा.
हेलिकॉप्टर काही आलं नाही.
बराच वेळ गप्प.
मग विचारलं, याचा पुढचा भाग कधी येतोय?

जनार्दन मोकलांनी महिनाभर ठेवलं.
दंड मोजून दिला, हुज्जत नाही.
गाव विमानतळात गेलेलं,
आता उलव्याला तिसऱ्या मजल्यावर राहतात.
जाता जाता दारातून म्हणाले,
"डोंगराच्या पोटानचा देव वाचवाला
सगली दुनिया धावते यान.
आमचा डोंगर फोरला तवा कोन नाय आला.
आमच्याकरं ताम्रपट नव्हता ना."

ते गेल्यावर पुस्तक नेहमीसारखं चाळलं.
शेवटच्या कोऱ्या पानावर बॉलपेननं डोंगर.
वर दगड, त्याला शेंदराऐवजी लाल शाई.
करवंदाची जाळी. झरा. म्हशी उतरायची वाट.
आजा बसायचा ती जागा, फुलीनं.
पुस्तकावर लिहिल्यास पन्नास रुपये,
माझ्याच हातची पाटी भिंतीवर.
मी पान मिटलं.

पिंग्यांनी पुन्हा नेलं तेच पुस्तक.
म्हटलं, वाचलंय की तुम्ही.
म्हणाले, घाईत वाचलं होतं.
परत आलं तेव्हा डोंगराशेजारी
थरथरत्या, पण पट्टीनं आखलेल्या रेघेत
उत्तर दिशेचा बाण होता.
झऱ्यापाशी प्रश्नचिन्ह: बारमाही?
मोकलांना फोन करून विचारलं.
बारमाही.
मीच लिहिलं मग, छोट्या अक्षरात.

काल आठवीतला ओजस आला,
चारशे बारा पानं एका रविवारात संपवून.
खलनायक त्याला पान चाळीसलाच कळला होता,
भुयार त्याच्या मते जरा लांबलं.
पण हा नकाशा भारी आहे काका,
पुस्तकात कुठेच आला नाही,
म्हणजे दुसऱ्या भागातला असणार.
फुलीवर बोट ठेवून म्हणाला,
इथे खजिना ना? कसं जायचं इथे?

मी त्याला दारापर्यंत नेलं
आणि खाडीपलीकडे हात केला.
त्यानं टाचा उंचावून पाहिलं.
तिथे एक विमान उतरत होतं.