डावीकडे झुकताना

निफाडला पारा पाचावर आला, असं पेपरात होतं.
इथे सिव्हिलच्या हाडांच्या वॉर्डात
खिडकीची एक काच फुटलेली.
तिथे एक्स-रेची जुनी फिल्म मीच चिकटवलीय:
कुणाचा तरी खुबा,
त्याच्या आरपार त्र्यंबक रोडचा दिवा.

टीव्हीचा रिमोट हरवून वर्ष झालं.
कुबडीच्या टोकानं बटण दाबायचं,
लागेल ते बघायचं.
आज बर्फ लागला.

मी प्लास्टर करतो. एकवीस वर्षं झाली.
पांढरं म्हणजे माझ्या लेखी ओली पट्टी,
बादलीत बुडबुडे सोडणारी,
हाडावर बसता बसता कोमट होणारी.
पांढरं आणि थंड
मी फ्रीजबाहेर पाहिलेलं नाही.

आधी एक माणूस उताणा झोपून, पाय पुढे करून
बर्फाच्या पन्हाळीतून सुटला.
गांगुर्डे सिस्टर म्हणाल्या, "अगं बाई,
पाय पुढे करून आपल्याकडे एकदाच नेतात,
आणि तेही सावकाश."
मग दुसरा आला, पालथा, डोकं पुढे,
हनुवटी बर्फापासून चार बोटं वर.
यावर सिस्टर काही बोलल्या नाहीत.

नियम कुणालाच माहीत नव्हते.
हिरवा आकडा म्हणजे चांगलं,
एवढं हर्षलनं शोधून काढलं.
हर्षल बेंडकुळे, वय सतरा,
हरिहरच्या पायऱ्यांवरून पडलेला, उतरताना.
"चढताना कोण पडतंय, सर," भरती झाला तेव्हा म्हणाला होता,
"उतरताना आपण मनानं घरी पोचलेलो असतो."

मग ती आली.
डोंगराच्या पाठीवरून, पायाला दोन लांब पट्ट्या,
बर्फाचा धुरळा मागे ठेवत.
मी तिच्या गुडघ्यांकडे बघत होतो.
मला माणसांचं दुसरं काही बघता येत नाही.
डावा गुडघा आत वळला,
आणि पुढचं मला टीव्हीच्या आधी कळलं.

बर्फ मऊ असतो, असं का वाटत होतं आम्हांला?
ती घसरत गेली, पट्टी एकीकडे, काठी एकीकडे,
निळ्या जाळीत जाऊन अडकली.
ती थांबली तरी जाळी हलत राहिली.
इतका वेळ इंग्रजी बोलणारा
पिठाच्या गिरणीसारखा चालला होता,
तो गप्प झाला.
तेवढं आम्हांला समजलं.

पिंगळे, मांडीचं हाड,
द्राक्षांचा पिकअप घेऊन कसाऱ्यात उलटलेला,
म्हणाला, "वळण तिला दिसलं होतं.
वळण दिसतंच.
गाडी ऐकत नाही."

हेलिकॉप्टर आलं.
दोरीला बांधलेल्या झोळीतून ती आभाळात गेली,
आणि खाटांवरचे अकरा जण
मान ताणून वर बघायला लागले.
वर पंखा होता, बंद.

"सर, ती परत खेळंल का?"
"आधी बोटं हलतात का ते बघतात," मी म्हणालो.
हर्षलनं चादरीखाली आपली बोटं हलवून पाहिली.

मला वाटलं, आता खेळ थांबवतील.
पण वर दारात पुढची उभी होतीच.
तिनं ते पाहिलं असणार.
तिच्या चष्म्याच्या काचेत सगळा उतार मावला होता,
तोंडातून वाफ येत होती,
आपल्या पहाटेसारखीच.
काठ्या दोनदा आपटल्या, आणि सुटली.

ती डावीकडे झुकली.
तशा वॉर्डभर पायांना दोरीनं टांगलेल्या विटा
खाटांच्या लोखंडाला टक् टक् लागल्या:
कूस बदलायची मनाई असलेली अकरा माणसं
डावीकडे झुकली होती.

मी ओरडायला हवं होतं.
अशानं जुळत आलेलं हाड सरकतं.
पण मीही भिंतीला हात टेकून
तिरपाच उभा होतो.

आकडा हिरवा झाला की लाल, कुणी बघितलं नाही.
ती खाली पोचली, उभी राहिली,
कमरेत वाकून दम खात राहिली.
पिंगळेनं डोळे पुसले आणि "जागरण," म्हणाला.

टीव्ही बंद केला.
मग खाटेखाटेशी जाऊन
हलणारी एकेक वीट
हातानं थांबवली.