येळवशीला दुकान

येळवशीला औसा रिकामं असतं,
सगळे शेतात, आंबील-भज्जीला.
मी शटर अर्धंच वर केलं
आणि कुशावर्ताचे ब्लाउज उसवायला बसलो.

परवा लातूरला, सकाळी सातला.
सहा वर्षांमागं डावीकडे झालं,
तेव्हा राळे भरून गादी शिवली होती आतून,
तराजूत तोलून,
पदर एकीकडे झुकू नये म्हणून.

आता उजवीकडे.
हुकं पुढून पाहिजेत, बाही सैल,
महिनाभर हात वर जायचा नाही.
निम्म्या गावाची मापं आहेत माझ्या वहीत,
तिचं कधी लिहावं लागलं नाही.

ती डबा घेऊन आली. स्टुलावर टेकली.
"बरंय की, दोन्ही बाजू सारख्या होतील,
तुमचे टक्स वाचले."
मी हसलो. तिला तेच पाहिजे होतं.

मग टेप घेतली, उगाच,
आणि दंडाचं माप काढलं.
नऊ इंच.
दिवाळीला साडेदहा होता.
"किती भरलं?" तिनं विचारलं.
"आहे तेवढंच."

नवाच्या मापानं बाही कापली,
पण शिवणीत
दोन बोटं माया ठेवली,
पुढं अंग धरेल तेव्हा
उसवायला.