कवळी

वर्लिन गेला तेव्हा पलंग आवरलेला होता.
चादरीचे कोपरे इस्पितळात घालतात तसे दुमडलेले,
उशीवर मिशनच्या टॉवेलची घडी,
आणि खिडकीच्या कट्ट्यावर,
काचेच्या पेल्यात, पाण्यात बुडालेली
त्याची कवळी.

सत्त्याऐंशीवा दिवस होता.
नव्वदाव्याला पितळी बिल्ला देतात,
चॅपलमध्ये टाळ्या वाजतात,
हॉल्वर्सनबाई केक करतात, मधोमध थोडा बसलेला.
तीन दिवस.
डुलुथमध्ये फेब्रुवारीत तीन दिवस म्हणजे काय,
हे पुलाखाली झोपलेल्यालाच विचारा.

अकरा वर्षं तो हिरड्यांवर जगला.
सूप, भिजवलेला पाव, बाकी सगळं बाटलीतून.
मग महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या दंतवैद्याने
त्याच्या तोंडाचं माप घेतलं, गुलाबी मेणात, फुकट.
पहिल्या दिवशी वर्लिनने सफरचंद चावलं
आणि तो कर्रकन आवाज ऐकून
स्वतःच दचकला,
मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

धुलाईखोलीचं काम माझ्याकडे आहे.
गेलेल्या माणसाचं सामान काळ्या पिशवीत भरायचं,
चिठ्ठी लावायची, तळघरात ठेवायचं,
तीस दिवसांनी टाकून द्यायचं.
नियम पाटीवर लिहिलेत, बायबलच्या वचनाशेजारीच,
एकाच हाताच्या अक्षरात.
मी भरलं:
दोन शर्ट, एक लोकरी टोपी,
योहानाच्या पानांत बसचं जुनं तिकीट,
मुलीचा पत्ता, खोडलेला, खाली पुन्हा लिहिलेला.
कवळी भरली नाही.
कोरडी पडली की तिला तडे जातात,
असं दंतवैद्य म्हणाला होता.
म्हणाला होता की नाही, आता नक्की आठवत नाही.

साडेसहाला प्रार्थना असते.
पास्टर म्हणतात, शब्द सुचत नसतील
तर नुसतं बसा, तेही चालतं.
मी बसतो.
दारूच्या दुकानाचं शटर खाली येताना
मी दातांच्या कण्या केल्यात, वर्षानुवर्षं,
एका पावट्यासाठी, अर्ध्या घोटासाठी.
आता देवापुढे करायला
कण्यासुद्धा उरल्या नाहीत.
तेव्हा मी उठतो, वर जातो,
पेल्यातलं पाणी बदलतो.

पास्टरनी पाहिलं एकदा. दारात उभे राहिले,
पाटीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं,
आणि खाली जाऊन हीटरच्या नळाला ठोकत बसले.

एकोणिसाव्या दिवशी नवा मुलगा आला, डेझमंड,
बेमिजीहून, बूट आतून ओले.
दाखल करताना खिसे रिकामे केले त्याने:
लायटर, पोपटाचं एक पीस,
आणि कुणाच्या तरी लग्नातली कागदी बशी, चौघडी.
पलंग पाहिला. कट्टा पाहिला.
"हे कुणाचं?"
"वर्लिनचं."
"तो कुठंय?"
मी पायमोजे मोजत राहिलो. एक कमीच पडत होता.
"चावतं का?" त्याने विचारलं.

रात्री कधीतरी तो तहानेने उठला.
अंधारात त्याचा हात कट्ट्यावर गेलेला ऐकला मी,
काच नखाला लागलेली ऐकली,
आणि ओरडलो, "तो नको!"
शेजारच्या पलंगावरून ऑर्विल,
जो दोन महिने कुणाशी बोलला नव्हता,
हसायला लागला.
मग डेझमंड. मग मी.
रात्रपाळीचा माणूस बॅटरी घेऊन वर आला
आणि त्याने विचारलं, कुणी काही प्यायलंय का.

नाही, म्हटलं. थोडक्यात वाचलं.

हसणं ओसरल्यावर मी पेला घेऊन न्हाणीत गेलो.
सरोवर गोठलेलं, रस्ते गोठलेले,
पुलाखाली आज वजा सव्वीस.
नळाचं पाणी आधी मी ओंजळीत घेतलं, प्यायलो,
इतकं गार
की दात शिवशिवले, माझे,
पार मुळापर्यंत.
मग पेला भरला.