घाफवरच्या चिंध्या

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी ग्रान्या टीचर
खजुरीच्या पात्यांचा भारा घेऊन वर्गात आली.
तिच्या गावी आज ओढ्याकाठचं लव्हाळं कापतात म्हणे.
रास अल खैमात कुठला ओढा?
काठ आहे तो खाडीचा, आणि त्यावर क्रेन उभ्या.

एक पात उभी धर, दुसरी तिच्यावर दुमड,
वळव. पुन्हा दुमड.
मी मदतनीस, माझं काम मुलांची नाकं पुसणं,
पण बोटं माझ्या आधीच पुढे पळाली.
अगं बाई, हे तर भिरभिरं!
देवगडला आमच्या परड्यात
माडाच्या पातीची शंभर केली असतील मी.
ग्रान्या म्हणाली, हा क्रूस आहे, दारावर टांगायचा,
मग घराला आग लागत नाही, गाय आटत नाही.
मायेदने विचारलं, आमच्याकडे उंटीण आहे, चालेल?
चालेल, म्हणाली ती, थोडा विचार करून.
तोवर जेरिको क्रूस काडीवर लावून
व्हरांड्यात धावत सुटला होता
आणि तो फिरत होता, गरागरा.

मग गोष्ट.
ब्रीद नावाची एक बाई. संत.
(आमच्याकडे ब्रीद म्हणजे
एकदा बोललं की सोडायचं नाही ते.
मी हे कुणाला सांगितलं नाही, गालात हसले.)
तिने राजाकडे जागा मागितली,
माझ्या शालीखाली मावेल एवढीच दे.
राजा हसला, दे म्हणाला.
चार मुलींनी शालीची चार टोकं धरली,
चार दिशांना धावल्या,
आणि शाल पसरतच गेली, कुरणावर, तळ्यावर, टेकडीवर.

मला बळी आठवला.
तिथे पाऊल वाढलं, इथे पांघरूण.
पण या राजाच्या डोक्यावर कुणी पाय ठेवला नाही,
तोही त्या शालीखालीच राहिला असेल, थंडी असते तिकडे.

आज रात्री ती पृथ्वीवरून चालत जाते.
बाहेर कापड ठेवायचं, ती हात लावते,
मग ते डोकेदुखीवर बांधायचं वर्षभर.
निवेद्या म्हणाली, तिला व्हिसा?
मायेद म्हणाला, माझे बाबा विमानतळावर शिक्के मारतात,
मी सांगून ठेवतो.

शाळेमागच्या घाफच्या झाडाला आम्ही बांधलं:
मायेदच्या आजोबांच्या घुत्र्याचा तुकडा,
निवेद्याच्या घरच्या मुंडूची जरीची कड,
जेरिकोच्या बाबांचा एक मोजा,
आणि माझ्या जुन्या गाउनचा खिसा.
कुणी बघितलं असतं तर म्हटलं असतं,
धोबी पळाला वाटतं सगळं टाकून.

पहाटे धुकं.
बस पिवळे दिवे लावून चाचपडत आली.
झाड दिसेना, मग चिंध्या दिसल्या,
चिंब, जड, टोकाटोकाला थेंब.
एसीचं पाणी मोज्यावर रात्रभर गळलं होतं,
जेरिको म्हणे, माझ्याकडे ती दोनदा आली.
ग्रान्याने निळे डोळे मिटून मान डोलावली,
असेल, असेल.

माझा खिसा मात्र जागेवर नव्हता.
शोधला तर गेटवर गुलजरीन,
त्याने मालकाच्या गाडीची काच पुसत आणली होती त्याने.
अरे देवा, अरे हा प्रसाद आहे! मी ओरडले.
त्याला काय कळणार, त्याने घाबरून फडकं पिळलं
आणि ओल्या हातांनी दोन्ही गुडघे चोळले,
थंडीत धरतात ते, बावीस वर्षांची उभी नोकरी.

ग्रान्या म्हणाली, राहू दे त्याच्याकडे.
ती पण तशीच होती, बापाची तलवार
वाटेतल्या भिकाऱ्याला देऊन टाकलेली.
बाप किती चिडला असेल, मी म्हटलं.
खूप, म्हणाली ती.

दुपारी गेटच्या केबिनवर बघितलं,
खिळ्याला माझा खिसा वाळत होता,
शेजारी पातीचा क्रूस, कुणीतरी दिलेला.
खाडीवरून वारा आला की
तो अर्धा फिरायचा,
आणि थांबायचा.