दुहेरी ताबा

माहीमच्या शाखेत एकतीस वर्षं
मी तळघरातल्या लॉकरांवर होतो.
नियम एकच: एक किल्ली बँकेची, एक गिऱ्हाइकाची.
आधी माझी फिरायची, मग त्यांची,
आणि मी पाठ करून उभा राहायचो
भिंतीवरच्या ओलीकडे बघत.
त्या ओलीचा आकार मला अजून काढून दाखवता येईल.
कुणाच्या डब्यात काय होतं, ते नाही.

आता सगळं मोबाइलवर.
पेन्शन, वीज, गॅस, मेडिक्लेम,
सोसायटीचं मेंटेनन्ससुद्धा.
प्रत्येकाला पासवर्ड वेगळा,
त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह,
आणि तीन महिन्यांनी म्हणतात, शिळा झाला, बदला.

शेजारच्या मस्करेन्हास बाईंनी ते फ्रिजवर लावलेत,
आंब्याच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली,
केबलवाल्याला दारातून वाचता येतील इतके टपोरे.
मी टोकलं, तर म्हणाल्या,
चोर काय, कधीतरी येणार. विसर रोज येतो.

निषाद बंगळुरूहून सांगतो,
बाबा, ॲप घ्या, सगळे त्याच्या पोटात ठेवा,
लक्षात ठेवायचा फक्त एक.
एका किल्लीने सगळं उघडतं
हे ऐकलं की मला तळघरातली थंडी आठवते.

शेवटी ॲप घेतलं,
पण त्या एका किल्लीचे दोन तुकडे केले.
पुढचा शालनकडे, मागचा माझ्याकडे.
लिहायचा नाही, एकमेकांना सांगायचा नाही.
ती टाइप करते तेव्हा मी खिडकीकडे तोंड करतो,
मी करतो तेव्हा ती कुकरच्या शिट्ट्या मोजते.
निषाद म्हणाला, हे हास्यास्पद आहे.
असेल.

गणपतीत आमचं वाजलं,
तिच्या भावाला दिलेल्या पैशांवरून.
चार दिवस अबोला.
विजेच्या बिलाची तारीख उलटली,
दंड बसला,
फोन मधल्या स्टुलावर पडून होता,
दोघांपैकी कुणाचाच नसल्यासारखा.

परवा तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका,
मेडिक्लेमचं कार्ड दाखवा, नाहीतर डिपॉझिट भरा.
शालन स्ट्रेचरवर, हिरव्या टोपीत,
बांगड्या माझ्या खिशात,
वॉर्डबॉय लिफ्टचं दार पायाने अडवून उभा.
तिने मला वाकायला लावलं
आणि कानात सांगितला.

सात अक्षरं.
मला वाटलं होतं, माहेरची देवी असेल,
नाहीतर निषादची जन्मतारीख.
काय होतं ते इथे लिहिणार नाही,
सवय जात नाही.
एवढंच, की ते सत्त्याऐंशी सालातल्या एका दुपारचं होतं,
आणि ती दुपार
फक्त माझ्याच लक्षात आहे असं मी धरून चाललो होतो.

कार्ड निघालं, शिक्का बसला.
मग तीन तास बाकावर,
दोन्ही किल्ल्या एकट्याच्या हातात.
कुठल्याही तपासणीत मला निलंबित केलं असतं.
खिशातल्या बांगड्या जरा हललं की वाजायच्या,
म्हणून मी हललोच नाही.
फ्रिजवरचा तो आंबा आठवत राहिला,
आणि त्याखालचा उघडा कागद.
बाई एकट्या राहतात.
त्यांनी अर्धा द्यायचा तरी कुणाला?

संध्याकाळी शालन शुद्धीवर आली.
आधी पाणी मागितलं.
मग जड जिभेने विचारलं, उघडलं का?
उघडलं, म्हणालो.
मग आता माझा बदलते, म्हणाली,
आणि सलाइनच्या हाताने खूण केली, तिकडे बघ.

फोन तिच्या मुठीत दिला, वळलो.
हॉस्पिटल नवं, भिंत कोरडी ठणठणीत,
बघण्यासारखं काही नव्हतं.
तिला एकेक अक्षर शोधायला वेळ लागत होता.
मी बघत राहिलो.